दुधाची गाडी समुद्राकाठी

खोटं बोलायचंच झालं तर अर्धं बोलावं, अशी माझी समजूत होती. पुरतं खोटं लगेच उघडं पडतं. अर्ध्या खोट्याला अर्ध्या खऱ्याचा टेकू असतो. त्या वर्षी आमच्या दूध संस्थेच्या बैठकीत मी असंच अर्धं खोटं बोलले आणि त्यापायी साठ बायकांची गाडी समुद्राच्या तोंडाशी नेऊन उभी केली. गाडी परत आली म्हणून हे लिहायला बसले आहे, नाहीतर मला गाव सोडावं लागलं असतं.

पहिल्यापासून सांगते. वडवणीपासून आत, कच्च्या रस्त्याला आमचं गाव. तिथं आमची बायकांची दूध संस्था आणि मी तिची अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काही खुर्ची-बिर्ची नव्हती. सकाळ-संध्याकाळ काट्यापाशी उभं राहायचं, दूध मोजून घ्यायचं आणि कुणाच्या कॅनमध्ये पाणी निघालं तर तोंडावर सांगायचं. हे शेवटचं काम मला फार चांगलं जमायचं. माझी जीभ तिखट आहे, गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दूध तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर पोचवायला संस्थेची एक बंद पाठीची गाडी होती. बायकांनी शेअर भरून घेतलेली, कुणी शेळी विकून, कुणी कानातलं मोडून. तिचे ड्रायव्हर आमचे हे. माझा नवरा म्हणून ठेवले नव्हते; पहाटे चारला हाक न मारता उठणारा माणूस गावात तेवढा एकच होता.

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. गाई आटल्या, म्हशी आटल्या, जनावरं छावणीला गेली आणि एक दिवस काट्यावर सगळ्या गावाचं मिळून एक कॅनही भरला नाही. त्या दिवशी संकलन बंद केलं. गाडी लिंबाखाली उभी राहिली. हे मात्र रोज चारलाच उठत. जाऊन गाडी पुसत, चालू करत, पाच मिनिटं बसत, बंद करत. मला त्याचा संताप यायचा. दूध नाही, केंद्र नाही, कावून, कशाला उठता म्हणून मी भांडायची. हे म्हणायचे, गाडी बसली की मरती.

त्यात छावणीवर उसाचं वाढंही कमी यायला लागलं. कुणीतरी सांगितलं की कोकणात भाताचा पेंढा असतो, तिथं त्याला फार कुणी विचारत नाही, एक ट्रक आणला तर जनावरं पावसापर्यंत तग धरतील. मी बैठक घेतली आणि म्हणाले, आम्ही दोघं गाडी घेऊन जाऊन पेंढा बघून येतो, सौदा ठरवून येतो. हे झालं अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की पेंढ्याचा सौदा फोनवरसुद्धा झाला असता. मला समुद्र बघायचा होता.

आता यात कुणाला काय वाटेल ते वाटो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि चोवीस वर्षांत मी एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. सकाळची धार, संध्याकाळची धार. माहेरी गेले तरी चहा पिऊन दुपारच्या एसटीनं परत. सख्ख्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी निघाले. जनावराला सुट्टी नसते. मग दुष्काळ पडला, धार थांबली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा मोकळीक मिळाली. दुष्काळानं आपल्याला सुट्टी दिली, हे बोलायचीसुद्धा चोरी होती. शेजारीण आसवं गाळतेय आणि आपल्या मनात समुद्र, याची मला लाज वाटायची. तरी तो मनातून जाईना. बैठकीच्या आधीच बाजारातून एक नवं पातळ घेऊन ठेवलं होतं.

बैठकीत ठराव झाला. आठ दिवसांसाठी गाडी न्यावी, डिझेल आमचं, आणि गाडी जशी जाईल तशी परत आणून उभी करावी. मी सही केली. ठरावाखाली बायकांनी सह्या केल्या, अंगठे दिले. गाडीला काही झालं असतं तर पाऊस पडूनही आमची संस्था पुन्हा उभी राहिली नसती. दुसरी गाडी घ्यायला कुणाच्या कानात आता काही उरलं नव्हतं. हे मला पुरतं कळत होतं आणि कळूनही मी निघाले.

धाकटा दीर छावणीवर राहिला. गाडीच्या पाठीत आम्ही गादी टाकली, स्टोव्ह ठेवला, ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बेसन. दुधाचे दहा रिकामे कॅन होते, ते एका बाजूला दोरीनं बांधले. घरी ठेवले असते तर कुणीतरी पाणी भरायला मागून नेले असते आणि परत आणले नसते. मागचं दार दोरी बांधून उघडं ठेवलं की आत वारा यायचा. आंबट दुधाचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. हे म्हणाले, अध्यक्षीणबाई, तुमचा बंगला तयार झाला.

बीड, आष्टी, नगर, पुणे. आष्टीला चहा प्यायला थांबलो तर अर्ध्या घरांना कुलपं, माणसं उसाला गेलेली. तिथं मला परत फिरावंसं वाटलं होतं, खरं सांगते. पण चहा पिऊन झाल्यावर पाय गाडीकडंच वळले.

ताम्हिणीच्या घाटात मी डोळे मिटून बसले होते. हे वळणावर वळणं घेत होते आणि कधी नव्हे ते गाणं गुणगुणत होते. घाट उतरल्यावर रस्त्याकडेला एक टपरी होती, तिच्या बाजूच्या नळातून पाण्याची बारीक धार चाललेली. यांनी करकचून ब्रेक मारला. मला वाटलं, कुणी आडवं आलं. हे उतरले, रस्ता ओलांडून गेले, नळ घट्ट बंद केला आणि परत येऊन बसले. मग म्हणाले, एक कॅन भरून घेऊ का. टपरीवाला भरा म्हणाला. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. नळ दिसला की गाडी उभी. विहीर दिसली की गाडी उभी. कोकणातली माणसं आमच्याकडं बघत राहायची, आम्ही आपले कॅन भरतोय. गावाकडं न्यायचं, घरटी एकेक घागर द्यायची, गोड्या पाण्याचा चहा होईल, असं आमचं ठरलं. चाकांवरचे पाटे दबून बसलेत, गाडी जड झाली, असं मी म्हटलं तर हे म्हणाले, दुधाचंही वजन एवढंच असतं.

माणगावच्या पुढं दुसऱ्याच दिवशी पेंढ्याचं काम झालं. शेतकरी भला माणूस होता. गंजी दाखवली, भाव सरळ सांगितला, ट्रकही तोच बघून देणार होता. अर्ध्या तासात सगळं मिटलं. आता खरं तर गाडी माघारी वळवायची. मी म्हणाले, एवढं आलोच हावोत तर जरा पुढं बघू. यांनी माझ्याकडं नीट बघितलं. चोवीस वर्षांच्या संसारात माणसाला बायकोचं मन तेवढं कळतंच. हे म्हणाले, "पेंढा तर मागं राहिला, अध्यक्षीणबाई." मी म्हणाले, गाडी चालवा.

श्रीवर्धनला समुद्र दिसला. लोक सांगतात की पहिल्यांदा समुद्र बघितला की मन भरून येतं. मला राग आला. एवढं पाणी, नजर पुरत नाही एवढं, आणि आमच्याकडं टँकरमागं घागरी घेऊन पळताना बायका पडतात. यांनी वाकून ओंजळभर तोंडात घेतलं, थुंकले आणि म्हणाले, खारट हाय, उगं राग कशाला करती. मग मला हसू आलं आणि राग गेला तो गेलाच.

पुढचे दोन-तीन दिवस मला अजून झोपेत दिसतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून एका गाडीपुरता रस्ता. खाडी आली तर फेरीबोटीवर गाडीसकट चढायचं. मी खाली उतरून कठडा धरून उभी. हे मात्र गाडीतच, ब्रेकवर पाय दाबून, खाडी पार होईपर्यंत. संस्थेची गाडी आहे, पाण्यात गेली तर मी बरोबर जातो, म्हणायचे. रात्री देवळाच्या अंगणात नाहीतर शाळेच्या पटांगणात गाडी लावायची. भाकरी मी थापायची, चटणी यांनी काढायची. सकाळी दार उघडलं की समोर समुद्र. मी इतकी सुखात होते की मला भीती वाटायची. केळशीत एका बाईनं आम्हाला शहाळी दिली आणि पाणी कावून भरता म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं आमचे शेवटचे दोन कॅन स्वतः रहाटानं पाणी काढून भरले. दहाचे दहा कॅन तोंडापर्यंत भरले.

त्याच दिवशी दुपारी, पुढं कोळ्यांच्या एका वाडीजवळ, उतार सापडला आणि गाडी सरळ वाळूवर आली. हे आधी उतरून टाचेनं वाळू बघून आले. आमच्या कुंडलिकेच्या कोरड्या पात्रातून गाडी काढायची यांना सवय. कोरडी वाळू रुतवते, ओली कडक असते, हे यांचं गणित. ते बरोबरच होतं. गाडी ओल्या वाळूवरून डांबरी रस्त्यावर जावी तशी गेली. हे थांबायला लागले तर मी म्हणाले, अजून जवळ. थोडी पुढं गेली. मी म्हणाले, अजून. लाटा दारातून दिसल्या पाहिजेत, असा माझा हट्ट. अगदी पाण्याच्या काठाला गाडी लावली. आमच्या हिशेबानं पाण्याचा काठ म्हणजे काठ. आमच्याकडं तलावाचं पाणी हटतं, आणि तेही महिन्या-महिन्यानं. पाणी माणसाच्या अंगावर चालून येतं, हे आम्ही दोघांनी कुठं बघितलं होतं?

पिठलं-भाकरी खाल्ली. समोर पाय सोडून बसलो. मग मी गादीवर आडवी झाले आणि भर दुपारी झोपले. हे दाराला टेकून झोपले. दुपारची झोप मला कधी लागत नाही, त्या दिवशी मेल्यासारखी लागली.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. डोळे उघडायच्या आधीच मी यांच्यावर ओरडले की कॅन सांडला, उठा, आधी कॅन उभा करा. हे धडपडत उठले, हातानं एकेक कॅन चाचपला. सगळे उभे होते, झाकणं घट्ट. मग खाली बघितलं तर चाकांमधून पाणी येत होतं आणि जात होतं. आमचा स्टोव्ह आडवा पडून हळूहळू दूर चालला होता.

भरती-ओहोटीची कारणं मी सातवीला पाठ केली होती. पाचपैकी पाच मार्क पडले होते. त्या क्षणी ते आठवलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

यांनी गाडी चालू केली. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि एक वीत खाली गेली. पुन्हा दाबलं, अजून एक वीत. डोळ्यांसमोर लिंबाखालची रिकामी जागा दिसायला लागली. मी पदर खोचला आणि वाडीच्या दिशेनं धावत सुटले. मासळी वाळत घालणाऱ्या दोन बायकांनी मला बघितलं, गाडी बघितली आणि मी बोलायच्या आधीच हाका मारल्या. पंधरा-वीस माणसं आली. कुणाच्या खांद्यावर होडीचा जाड दोर, कुणाकडं होड्या ज्याच्यावरून वर ओढतात ती गोल लाकडं. आम्हाला कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला की वेळ थोडा आहे.

दोर बांधला, लाकडं चाकांखाली सारली, ओढलं. गाडी हलली आणि पुन्हा बसली. म्हाताऱ्यानं दारातून आत डोकावून विचारलं, कॅनमध्ये काय. हे म्हणाले, पाणी. त्याला कळेना. कसलं पाणी? हे म्हणाले, प्यायचं. म्हातारा म्हणाला, ओता.

हे दारात आडवे उभे राहिले. आजवर माझ्या शब्दाबाहेर न गेलेला माणूस, दोन्ही हात चौकटीला लावून. लाट यांच्या मांडीपर्यंत येत होती. "मी न्हाई ओतनार," म्हणाले. "जलमात पानी सांडलं न्हाई मी."

दोघा पोरांनी दोन कॅन उचलून किनाऱ्याला नेले. तेवढ्यानं दम लागला, आणि पाणी तोवर अजून चढलं. आठ कॅन नेण्याइतका वेळ नव्हता. माझा तिखटपणा तेव्हा कुठं गेला होता कोण जाणे. मी यांचा हात धरला आणि हळूच म्हणाले, आवं, गाडी आपली न्हाई. हे बाजूला झाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी वर चढले. पहिल्या कॅनचं झाकण निघेना. मग निघालं. कॅन कलंडला, टपरीच्या नळाचं पाणी धो धो खाली गेलं आणि खाऱ्या पाण्यात दिसेनासं झालं. दुसरा. तिसरा. एकेक कॅन ओतताना मला एकेका बाईचं दार दिसत होतं. केळशीच्या विहिरीचं पाणी शेवटी ओतलं. मी मोठ्यानं रडत होते आणि ओतत होते.

मग खालची सगळी माणसं दोराला लागली. त्यांची होडी ओढायची एक हाळी असते. एक जण सुरुवात करतो, बाकीचे मिळून ओढ देतात. तिसऱ्या हाळीला गाडी लाकडावर चढली, हे आत उडी मारून बसले, इंजिन ओरडलं आणि आमच्या साठ बायकांची गाडी मागं पाणी गाळत वर आली. कोरड्या जागी उभी राहिली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच वाळूत फतकल मारली. हे चाकाला टेकून बसले आणि एकाएकी हसायला लागले. मला आधी वाटलं रडतायत.

म्हातारा शेजारी येऊन बसला. मी त्याला सांगितलं की आमच्याकडं दुष्काळ आहे, तीन वर्षं झाली, ते पाणी गावासाठी होतं. त्यानं मान हलवली, वाडीकडं बोट केलं आणि म्हणाला, "एवढंच ना? विहिरीवर चला." एवढंच, म्हणे. पण त्याच्या बोलण्यात तोरा नव्हता, सरळ बोलला होता.

विहिरीवर आधी गाडी धुतली. खारं पाणी लागलं की लोखंड खाऊन टाकतं, असं वाडीतली माणसं म्हणाली. बाया बादल्या भरभरून देत होत्या, पोरं गाडीखाली शिरून गोडं पाणी मारत होती. पाणी वाहत नारळीच्या आळ्यात जात होतं. यांना बघवेना, हे दोनदा म्हणाले की बास, बास झालं. कुणी ऐकलं नाही. मग रिकामे आठही कॅन पुन्हा भरून दिले, आणि वाटेला सुके बोंबील दिले, जे आम्ही खात नाही, पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

सातव्या दिवशी गाडी लिंबाखाली उभी होती. कुठं चरा नाही, खरचटा नाही. यांनी खाली झोपून एकेक नट बघितला. मागून दोन दिवसांनी पेंढ्याचा ट्रक आला आणि छावणीवर मला हार घातला. पाणी घरटी एकेक घागर वाटलं. सगळं झाकलं गेलं होतं. मी तोंड उघडलं नसतं तर आजही कुणाला कळलं नसतं.

पण त्या हाराच्या दिवसापासून मला जेवण जाईना. गाडीकडं बघितलं की चाकांमधून पाणी दिसायचं. शेवटी मी बैठक बोलावली आणि उभी राहून सगळं सांगितलं. पेंढा दुसऱ्याच दिवशी मिळाला होता हे सांगितलं, समुद्र सांगितला, अजून जवळ, अजून जवळ म्हणाले तेही सांगितलं. मी म्हणाले, तुमची गाडी मी माझ्या हौसेपायी घालवली असती, मला अध्यक्ष ठेवू नका. खाली बसले.

मग कोपऱ्यातून एक जण बोलली. काट्यावर मी जिला सगळ्यांत जास्त बोलले होते ती. दुधात पाणी सापडलं म्हणून मी तिला सगळ्या रांगेसमोर झापलं होतं आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हती.

"पेंढा बघायला कुनी नवं पातळ घेऊन जातंय का?" ती म्हणाली. "आमाला ठावं व्हतं. तीन वर्सं झाली, रोज आमच्या दारात येऊन इचारतीस, जनावर खातंय का, लेकरू जेवलं का. तुला कोन इचारतंय? म्हनून अंगठा दिला मी."

बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. साठ जणींनी जाणूनबुजून, आपली एकुलती एक गाडी माझ्या हातात दिली होती. मी पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर रडले, आणि बरं वाटलं, किती बरं वाटलं ते मला लिहिता येत नाही.

माझं रडणं थांबल्यावर तीच सरकून जवळ आली आणि समुद्र कसा असतो ते सांग म्हणाली, पहिल्यापासून, काही गाळू नको. मी सांगायला लागले. बोलता बोलता संध्याकाळ झाली, धारेची वेळ झाली. सवयीनं दोघी-तिघी उठल्या आणि जनावरं छावणीवर आहेत हे आठवून परत खाली बसल्या.